केकखालचं नववं पाऊल

केक बघायला सगळे माना उंचावून येतात. केक ज्याच्यावर बसलेला असतो त्या पुठ्ठ्याकडे मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही. चिमटीच्या आईची याबद्दल काही तक्रार नव्हती. कोणी बघत नाही म्हणजे कोणी नावंही ठेवत नाही, आणि मांडीवर पोर घेऊन करायच्या कामात एवढी सवलत पुष्कळ झाली.

काम तसं साधं होतं. ग्रॅमताई आठवड्यातून दोनदा राखाडी पुठ्ठ्यांची चळत आणून दारात ठेवायची. बोटभर जाड, गोल आणि चौकोनी, ताटाएवढे आणि टेबलाएवढे. त्यांच्यावर सोनेरी नाहीतर चंदेरी फॉइल ताणून चढवायचं, मागच्या बाजूला टेप मारून बंद करायचं, कडेने रिबन फिरवायची. फॉइल खाण्याला चालणारं, टेप खालून, वरच्या अंगाला डिंकाचा थेंब नाही. झाला बोर्ड तयार. ग्रॅमताई त्यावर केक बसवणार आणि केक कोणाच्या तरी घरी आनंद घेऊन जाणार.

ग्रॅमताई हे अर्थात तिचं नाव नव्हे. चमचाभर, वाटीभर, अंदाजे असले शब्द तिच्या तोंडात बसत नसत, म्हणून गल्लीने ते नाव ठेवलं होतं आणि तिला ते माहीत होतं. चहात साखर किती घालू असं विचारलं तर ती "बारा" म्हणायची. पहिल्या दिवशी तिने चिमटीच्या आईने केलेल्या चौकोनी बोर्डाचा कोपरा अंगठ्याने चाचपून पाहिला होता. फॉइलची घडी अशी बसली होती की नखालाही लागत नव्हती.

"हे कोपरे कोणी शिकवले?"

"बाबांनी. ते बाइंडर होते. पुस्तकं बांधायचे."

"मग तू इतके दिवस कुठे होतीस?" ग्रॅमताई म्हणाली होती. तिच्या तोंडून याहून मोठं कौतुक कोणी ऐकलेलं नव्हतं.

चिमटी आता दहा महिन्यांची होती आणि त्या नावाला काही अर्थ उरला नव्हता. मांड्यांना वळ्या, गालांवर वळ्या, मनगटांवर तर कोणी दोरा आवळून बांधल्यासारखी रेघ. पण जन्मली तेव्हा ती खरोखरच चिमटीत मावेल अशी होती. अडीच महिने आधीच आलेली. एक किलो दोनशे. सत्तेचाळीस दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि तिची आई पेटीबाहेरच्या स्टुलावर. त्या सत्तेचाळीस दिवसांत आई ज्यांच्या जिवावर उभी राहिली त्या म्हणजे वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर. मोठ्या म्हणजे हुद्द्याने. उंचीने त्या पेटीच्या झाकणाएवढ्याच होत्या. "रडायचं असेल तर बाहेर जाऊन ये, मी आहे इथे. आणि रडून झालं की जेव." असं बोलायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी चिमटीच्या तळव्याला शाई लावून एका जाडसर कागदावर ठसा उमटवून दिला. ठसा कसला, अंगठ्याएवढा धुरकट डाग. नीट बघितलं तर वरच्या बाजूला पाच ठिपके. "ठेव जपून," सिस्टर म्हणाल्या होत्या, "पुढे हिला चिडवायला कामी येईल." पुढे. तो एक शब्द धरून चिमटीच्या आईने त्या दिवशी रात्रीचं जेवण जेवलं होतं.

आता सिस्टर निवृत्त होत होत्या. त्या महिन्यात वॉर्डात असलेल्या नऊ आयांचा फोनवर एक ग्रुप होता. त्यांनी ठरवलं, सिस्टरना केक द्यायचा. केक ग्रॅमताईकडे आला, बोर्ड ओघानेच चिमटीच्या आईकडे. आणि तिच्या डोक्यात किडा वळवळला. या एका बोर्डाकडे लोकांनी बघावं असं तिला पहिल्यांदाच वाटलं. केकच्या खाली नऊ पावलं असावीत. केक संपत जाईल तशी एकेक दिसावीत.

ग्रॅमताईला कल्पना आवडली, पण तिने अटी घातल्या. "कागद चालेल. छपाई खायच्या शाईची. वरून फूड-ग्रेड फिल्मचे दोन थर. आणि फिल्मच्या खालीसुद्धा खाण्याला न चालणारं काही नको. काही म्हणजे काही."

"काही नाही," चिमटीच्या आईने कबूल केलं.

सिस्टरनी असा ठसा प्रत्येकीला दिला होता; आयांनी त्यांचे फोटो पाठवले. केकचं सामान विकणाऱ्या दुकानात खायच्या शाईने छापून मिळायचं; तिथल्या माणसाने एका मोठ्या कागदावर आठ पावलं गोलाकार मांडून दिली आणि एक प्रत बिघडली तर असू दे म्हणून दुसरीही काढून दिली. आठच, कारण नववं उमटलंच नाही. चिमटीचा ठसा इतका पुसट होता की मशीनला तो दिसेना. तीनदा करून पाहिलं. मधोमध कोरा कागद.

घरी आल्यावर ती त्या कोऱ्या जागेकडे खूप वेळ बघत बसली. मग कपाटातून डबी काढली, डबीतून मूळ कागद काढला, आणि ठशाच्या भोवतीने कात्रीने गोल कापला.

"ते कशाला बाहेर काढतेस?" सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "झालं गेलं ते. पुन्हा कशाला उकरायचं?"

"सिस्टरसाठी, आई."

"सिस्टरना केक द्या. हे कशाला?" आणि त्या आत गेल्या. त्या कागदाकडे त्यांनी बघितलंही नाही. कधीच बघत नसत.

साधी शाई, दवाखान्यातली. पण इवलासा तर तुकडा, वर फिल्मचे दोन थर. ग्रॅमताईला सांगायचीही गरज नाही, असं तिने स्वतःला पटवलं. उरला प्रश्न चिकटवण्याचा. बाजारचा डिंक नको. तेवढी अक्कल तिला होती. मैद्याची खळ, बस्स. मैदा आणि पाणी, खायचंच तर सामान. आणि वरच्या फळीवर बाबांचा डबा होताच. गेल्या आठवड्यात सासूबाईंच्या पाककृतींच्या वहीची शिवण सुटली म्हणून बाबांनी ती नव्याने बांधून दिली, तेव्हाची खळ त्यात उरली होती. झाकण उघडलं, ना वास, ना बुरशी. बाबांच्या खळीने चिकटवलेला कागद कधी फुगत नाही, सुरकुतत नाही. तिचे हात लहानपणापासून त्या खळीत बुडालेले. हातांनी ब्रश उचलला, फॉइल न चढवलेल्या पुठ्ठ्यावर खळ पसरली, कागद बसवला, हाडाच्या पट्टीने मधून कडेकडे घोटला. शेवटी मधोमध तो गोल तुकडा. चिमटी झोपेतून उठायच्या आत सगळं आटोपलं. बोर्डावर दोन शब्दकोश ठेवले आणि त्यांच्यावर पाण्याने भरलेला कुकर.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, नेहमीप्रमाणे, बाबा नातीला बघायला आले. ते दोन गल्ल्या पलीकडे राहत. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी दुकान बंद केलं होतं, पण शर्टाच्या खिशात हाडाची पट्टी अजून असायची, इतरांच्या खिशात पेन असतं तशी.

ती फिल्म कापत होती. बाबांनी बोर्ड डोळ्यांजवळ धरला, तिरपा केला, उजेडात फिरवला.

"कोपरे झकास."

"शिकवणारा झकास होता."

"मस्का नको लावू. फुगा कुठे दिसत नाही. खळ चांगली झालीय. कशी केलीस?"

"मी कुठे केली? तुमचीच. वरच्या फळीवरच्या डब्यातली."

बाबांनी बोर्ड टेबलावर ठेवला.

"पोरी," ते म्हणाले, "माझ्या खळीत काय असतं?"

"मैदा. पाणी."

"आणि?"

आणि तिला ते दिसलं. दुकानातल्या कोपऱ्यातली शेगडी, तिच्यावरचं पातेलं, आणि बाबांच्या बोटांतला तो निळा खडा. लहानपणी तिला तो इतका आवडायचा, काचेच्या मण्यासारखा. हात लावायचा नाही, कधीच नाही, असं बाबांनी शंभरदा बजावलेलं.

"मोरचूद," ती म्हणाली.

"विषच ते. किडा लागू नये म्हणून. खळ आंबू नये म्हणून. त्याशिवाय ती महिनाभर टिकते का? म्हणून तर डबा वर ठेवला, पोरीचा हात पोचायला नको." बाबा खुर्चीवर बसले. "सगळं आयुष्य त्या डब्यावर चिठ्ठी लावली नाही. दुकानात सगळ्यांना माहीत होतं. पुस्तक कोण चाटतंय?"

पलंगावरून चिमटी मोठ्याने काहीतरी बोलली.

"फिल्म आहे ना बाबा," चिमटीची आई म्हणाली. हे आपण बोलतोय हे तिला ऐकू येत होतं आणि तरी ती बोलत होती. "दोन थर. केक खळीला लागणारच नाही."

"बरं. आणि केक कापताना सुरी कुठे थांबते?"

सुरी बोर्डावरच थांबते. सगळ्यांचीच. ग्रॅमताई कितीही सांगू दे, माणसं टोक दाबतातच. फिल्म चिरली, खाली कागद चिरला, खळीत बुडालेलं टोक पुढच्या तुकड्यात शिरलं. आणि तो केक खाणार कोण? तर जिने तिच्या मुलीला थेंबाथेंबाने मोठं केलं ती.

बारा वाजता बोर्ड ग्रॅमताईकडे पोचायला हवा होता, चार वाजता केक दवाखान्यात. हातात तीन तास, चिकटवून ठेवलेला एक ठसा जो जगात दुसरा नाही, आणि एक फोन जो तिला करायचाच होता. या तिन्हींतलं सगळ्यात अवघड तिने आधी केलं.

ग्रॅमताईने सगळं ऐकून घेतलं. खळ, मोरचूद, आणि न विचारता चिकटवलेला तो शाईचा तुकडासुद्धा. पलीकडे नुसता मिक्सरचा आवाज. मग मिक्सर बंद झाला.

"किती?"

"काय किती?"

"मोरचूद किती घातलंय?"

"बाबा, मोरचूद किती?"

"चिमूटभर," बाबा खुर्चीतून म्हणाले.

"चिमूटभर," तिने फोनमध्ये सांगितलं.

"चिमूटभर म्हणजे किती ग्रॅम?" ग्रॅमताई ओरडली, आणि मग स्वतःच थांबली. "जाऊ दे. एक ग्रॅम असो की दहा. तो बोर्ड माझ्या दारात आणायचा नाही. नवा पाहिजे, बाराला. येईल?"

"येईल."

"आणि तो ठसा. मी 'काही म्हणजे काही' म्हटलं होतं."

"म्हटलं होतंत."

चिमटीच्या आईला वाटलं, गेलं काम.

"हे बघ," ग्रॅमताई म्हणाली, "तू सांगितलं नसतंस तर मला कळलंही नसतं. मी ते केकखाली घातलं असतं. माझ्या हाताने. सांगितलंस, उपकार झाले. आता फोन ठेव आणि कामाला लाग."

फोन ठेवल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं. लागली ती फक्त तहान. ती घटाघटा पाणी प्यायली.

"बाबा, तो निघेल का?"

बाबांनी बोर्डाच्या कडेला नख लावून पाहिलं. "कालचीच खळ. वरून सुकलीय, आतून ओली असणार. पण कागद ओढायचा नाही. कागदावरून पुठ्ठा काढायचा, पुठ्ठ्यावरून कागद नाही. उलटा ठेवायचा आणि मागून पुठ्ठ्याचा एकेक पापुद्रा सोलत यायचं, शेवटचा राहील तोवर. मग मागून ओलं फडकं. आपोआप सुटतो." त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. "दोन तास लागतील. स्थिर हात पाहिजे. माझ्याने होणार नाही."

आणि तिच्याने कसं होणार? नवा बोर्ड तिलाच करायचा होता. दोन्ही कामं आणि दोनच हात.

"सरका जरा," सासूबाई म्हणाल्या.

त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. पदर खोचलेला, भांडी घासायचे रबरी हातमोजे घातलेले. त्यांनी टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, बाबांच्या पुढ्यातला बोर्ड उचलला आणि उलटा ठेवला.

"व्याही, तुम्ही सांगा. मी करते."

"विहीणबाई, नाजूक काम आहे. कांद्याचा पापुद्रा काढतोय असं समजा."

"कांदे मी तुमच्यापेक्षा जास्त सोललेत. तुम्ही फक्त किती खोल ते सांगा."

मग घरात दोन कामं शेजारी-शेजारी सुरू झाली. जमिनीवर चिमटीच्या आईने नवा पुठ्ठा घेतला. छापलेल्या कागदाची दुसरी प्रत उलगडली. मनातल्या मनात त्या दुकानातल्या माणसाला हात जोडले. "खळ करून आणू का साधी?" असं ती विचारत होती तोच बाबा म्हणाले, "आज खळच नको. वाळायला वेळ कुठे आहे? शाळेच्या पुस्तकाला कव्हर घालतात तसं घाल. चिकटवायचं नाही, दुमडायचं. कागद मागे दुमड, वरून फिल्म ताण, सगळं मागून टेपने बंद कर. फिल्मच त्याला धरून ठेवेल."

तिला हसू आलं. दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी वर्गातल्या निम्म्या मुलांची पुस्तकं बाबांच्या दुकानात यायची आणि ती त्यांच्या शेजारी बसून कव्हरं घालायची. एकही थेंब न चिकटवता. हाडाची पट्टी तिने बाबांच्या खिशातून न विचारता काढून घेतली.

टेबलावर पुठ्ठ्याचे पापुद्रे निघत होते. राखाडी, ओलसर, उलटे वळलेले.

"हळू, विहीणबाई."

"हळूच करतेय. तुमचा श्वास माझ्या हातावर येतोय, मागे व्हा."

"आता अगदी पातळ राहिलाय. थांबा. बोटाने नाही, फडक्याने. टिपा, घासू नका."

"टिपतेय."

चिमटीची आई फिल्म ताणत होती. दातांत टेपचा तुकडा, मान वळवता येत नव्हती. सासूबाईंचा आवाज मागून आला, एकदम लहान झालेला.

"एवढंसं होतं?"

तिने टेप लावला आणि वळली. सासूबाईंच्या मोज्यातल्या तळहातावर तो गोल कागद होता. ओला, मागच्या बाजूने शेवाळल्यासारखा निळसर. पण पुढून तो डाग तसाच, आणि डागावर पाच ठिपके.

"तुम्ही पाहिलं नव्हतं, आई?"

"नाही गं. तुझा डबा घेऊन रोज यायचे ना, दारापर्यंत. काचेतून बघा म्हणायच्या त्या सिस्टर. माझी छातीच होत नव्हती. म्हटलं बघितलं आणि जीव जडला आणि…" त्यांनी पुढचं गिळलं. "सिस्टर एकदा बाहेर आल्या आणि माझ्या हातातला डबा घेऊन म्हणाल्या, काही हरकत नाही आजी, तुमच्या वाटचं मी बघते. तुम्ही घरी आल्यावर बघा."

हे चिमटीच्या आईला माहीत नव्हतं. डबा रोज वेळेवर यायचा एवढंच माहीत होतं. ती उठली आणि सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकवून क्षणभर उभी राहिली. बाबांनी खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं आहे असं दाखवलं.

"पुरे," सासूबाई म्हणाल्या, "माझे हात विषाचे आहेत. वाजले किती?"

सव्वाअकरा. बोर्ड तयार होता. कोपरे बसलेले, फिल्म पाण्यासारखी सपाट, गोलाकार आठ पावलं, आणि मधोमध कोरी जागा. ओला ठसा तिथे जाणार नव्हता, ते तर उघडच होतं.

"आठ तर आठ," चिमटीची आई म्हणाली. "बाकी आयांची तरी आहेत."

"रिकामं का ठेवायचं?" सासूबाईंनी मोजे काढले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि पलंगाकडे हनुवटीने खूण केली. "नववं पाऊल घरात रांगतंय की."

फिल्म पुन्हा सोडवावी लागली. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. फळीवर ग्रॅमताईने नमुन्याला दिलेलं कोकोचं पाकीट होतं. वाटीत पाणी घालून लेप केला. चिमटीचा तळवा धुतला, पुसला, लेप लावला. पहिल्यांदा तिने बोटं आवळली आणि वर्तमानपत्रावर बटाटा उमटला. दुसऱ्यांदा पाय ओढून तोंडात घातला.

"विहीणबाई, ही खळ मात्र चाटायला चालेल," बाबा म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले.

तिसऱ्यांदा सासूबाईंनी नातीला काखेत धरलं, बाबांनी समोर चावी वाजवली, चिमटी चावी बघायला थबकली, आणि आईने तो जाडजूड तळवा कागदाच्या मधोमध अलगद टेकवून उचलला.

उमटला. टाच, चवडा, पाच बोटं, अंगठा जरा फाकलेला. भोवतीच्या आठ इवल्या पावलांत तो असा दिसत होता जणू चिमण्यांच्या थव्यात बदक उतरलंय. पंख्याखाली तो सुकवला आणि वरून फिल्म पुन्हा ताणली.

बाराला दोन मिनिटं कमी असताना ग्रॅमताईने बोर्ड हातात घेतला. कोपऱ्यावर लोण्याचा ठिपका ठेवला, पंधरा मिनिटं घड्याळ लावलं, मग पुसून उजेडात धरला. तेल फिल्मखाली कागदात उतरलं नव्हतं. ती मधल्या पावलाकडे बघत राहिली.

"काय आहे हे?"

"कोको."

"किती ग्रॅम?"

"चिमटीभर."

ग्रॅमताईने फक्त केकसोबत द्यायला स्टीलऐवजी प्लॅस्टिकची बोथट सुरी काढून ठेवली.

चार वाजता वॉर्डाशेजारच्या छोट्या खोलीत, जिथे नर्सेस चहा प्यायच्या, तिथे केक टेबलावर ठेवला गेला. साधा पांढरा, चौकोनी. आया आल्या होत्या, काहींच्या कडेवर मुलं. सासूबाईही आल्या होत्या. दाराशी थांबल्या नाहीत, आत येऊन पुढच्या खुर्चीवर बसल्या. मोठ्या सिस्टरनी भाषण करायला नकार दिला. "मी बोलले तर रडेन, आणि रडले तर तुम्ही मला बाहेर पाठवाल," असं म्हणून त्यांनी सुरी घेतली.

कडेचे तुकडे गेले. पहिला कोपरा रिकामा झाला तेव्हा सिस्टर वाकल्या.

"अगं, खाली काहीतरी लागलंय."

त्यांनी बोटाने क्रीम बाजूला सारलं. मग चष्मा नाकावर खाली ओढला. मग अजून एक तुकडा उचलला, कोणाला द्यायचा ते न बघता नुसता बाजूला ठेवला. आणि अजून एक.

"हा रडका," त्या म्हणाल्या. "ही डावा पाय आपटायची. हे जुळ्यांतलं धाकटं, थोरलं तेव्हा घरीच होतं." एकेका पावलावर बोट ठेवत त्या पुढे जात होत्या, आणि एकेक आई आपल्या पोराला पुढे करत होती. आठ झाली. मध्ये शेवटचा चौकोन उरला होता.

"एक कुठे आहे? माझी अंगठ्याएवढी कुठे आहे?"

"तुकडा उचला, सिस्टर," चिमटीची आई म्हणाली.

सिस्टरनी उचलला. खाली ते तपकिरी पाऊल.

"हे नाही," त्या म्हणाल्या. "हे कोणाचं घातलंत? एवढं मोठं माझ्याकडे कोणी नव्हतं."

"एक किलो दोनशे होती तेव्हा."

सिस्टरनी वर बघितलं. चिमटी आईच्या कडेवरून त्यांच्याकडे अत्यंत संशयाने बघत होती. सिस्टरनी हात पुसले, पुढे झाल्या, चिमटीच्या पायातला मोजा ओढून काढला आणि तळवा आपल्या पंजात घेतला. मग त्यांनी दुसऱ्या हाताने बोर्ड टेबलाच्या कडेला ओढला, चिमटीला आईच्या कडेवरून सरळ उचलून घेतलं आणि पाय त्या ठशावर ठेवून पाहिला. फिल्मवर पाऊल तंतोतंत बसलं.

"तो कागद?" सिस्टरनी विचारलं, मान वर केली नाही. "मी दिलेला. तो आहे ना जपून?"

"आहे," सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या. "घरी वाळत घातलाय."

सिस्टरना ते काही कळलं नाही, पण त्या हसल्या. डोळे मात्र वाहत होते आणि ते पुसायला कोणी त्यांना बाहेर पाठवलं नाही. चिमटीच्या बोटांच्या बेचक्यात, घासूनही न निघालेला, थोडासा कोको राहिला होता. सिस्टर पदराच्या टोकाने तो हळूहळू पुसत होत्या, आणि चिमटीची आई बघत उभी होती. आभार मानायला तिने वाक्यं पाठ करून आणली होती. त्यातलं एकही लागलं नाही.